परांचीवरून पडलेल्या माणसाचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. १ जुलै १९२४ रोजी आपल्या देशात कामगार भरपाईचा कायदा अंमलात आला, तेव्हा कामावर मेलेल्या प्रौढ मजुरासाठी त्यात हा हिशेब लिहिलेला होता. मेलेला मजूर अल्पवयीन असेल तर आकडेमोडीची गरजच नव्हती. त्याचे सरसकट दोनशे रुपये.

‘जी रक्कम कमी असेल ती’ या शब्दांपाशी मी दर वेळी थांबतो. महिना पंधरा रुपये मिळवणाऱ्या बिगाऱ्याच्या घरी या हिशेबाने साडेचारशे रुपये पोचायचे. पोचले तर. तरीही हा कायदा मोठाच म्हणायला हवा, कारण त्याच्या आधी काहीच नव्हतं. मालकाची चूक सिद्ध करा, मग बघू, हा आधीचा न्याय होता. नव्या कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला ठेवला. काम करताना, कामामुळे अपघात झाला ना? मग पैसे द्या. माणसाच्या मरणाला आकडा लावणं क्रूर वाटतं. पण आकडा नव्हता तेव्हा मजुराचं मरण फुकट होतं, हे विसरून चालत नाही.

आज मी बोलणार आहे ते या आकड्याच्या इतिहासाबद्दल. मी वर्तकनगरात राहतो. आमच्या शेजारी रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ साली सुरू झाली, म्हणजे हा कायदा लागू झाल्यावर वर्षभराने. आता गिरणीचा भोंगा नाही आणि त्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहत आहेत. म्हाडाच्या जुन्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे. पोखरण रस्त्याने उपवनाकडे फिरायला निघालं की येऊरचा डोंगर दिसण्याआधी क्रेन दिसतात. साइटच्या फलकावर रेराचा नोंदणी क्रमांक असतो, वास्तुविशारदाचं नाव असतं, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं असतं. वर, विसाव्या-तिसाव्या मजल्याच्या कडेला उभं राहून शटरिंगच्या प्लेटा उतरवणाऱ्याचं नाव तिथे असण्याचं कारण नाही. पण तो पडला तर त्याची काय रक्कम होते, हे मात्र कायद्यात दोन दशांश चिन्हांपर्यंत लिहून ठेवलेलं आहे.

गोष्ट ठाण्यापासूनच सुरू करता येते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि मग एक फाटा थळ घाटाकडे, दुसरा बोर घाटाकडे निघाला. बोर घाटाचा चढ सुमारे सोळा मैलांचा, उंची १,८३१ फूट. काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चाललं आणि भर हंगामात तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. कड्यावरून दोर सोडून माणसं खाली उतरवायची, त्यांनी सुरुंगासाठी भोकं पाडायची, अशी कामाची रीत. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगा झाला. त्याच वर्षी नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने ठेका पुरा करवून घेतला. ट्रेडवेलचं मरण इतिहासात नोंदलं गेलं. मजुरांचं? या घाटात पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बहुतेक पटकीने आणि तापाने, बाकीची दरडी, सुरुंग आणि कडे यांच्यामुळे. हा ‘अंदाज’ आहे हेच लक्षात घ्या. चढाची उंची फुटाफुटाने माहीत, माणसं मात्र हजारांच्या घरात अंदाजाने. आकडा नसला की काय होतं त्याचा हा आपल्या घराजवळचा दाखला.

गंमत अशी की माणसाची किंमत काढण्याचं शास्त्र नेमकं त्याच सुमाराला विलायतेत तयार होत होतं. विल्यम फार नावाचा एक डॉक्टर तिथल्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत आकडेशास्त्रज्ञ होता. १८५३ साली, म्हणजे ठाण्याला गाडी आली त्याच वर्षी, त्याने प्राप्तिकरावर एक निबंध वाचला. त्यात त्याने शेतमजुराची वयानुसार किंमत मांडली. पुढच्या आयुष्यात तो किती कमावील ते काढायचं, त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेचं आजचं मूल्य व्याजाच्या दराने काढायचं. पंचविशीतला मजूर २४६ पौंडांचा निघाला. पंचावन्नाव्या वर्षी तो १३८ पौंडांवर आला. सत्तराव्या वर्षी एक पौंड. आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा? उणे एक्केचाळीस पौंड. कमाई काही नाही, खाणं मात्र चालू.

फारचा हेतू वाईट नव्हता. माणसाची कमावण्याची ताकद हीसुद्धा देशाची संपत्ती आहे, हे त्याला दाखवायचं होतं. पण त्याच्या कोष्टकातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा: वयाप्रमाणे उतरत जाणारा गुणक, आणि माणूस स्वतः खातो ते वजा करण्याची पद्धत. दोन्ही पुढे आपल्या कायद्यात येऊन बसल्या आहेत.

तिकडे इंग्लंडच्या कायद्याची अवस्था चमत्कारिक होती. माणूस जखमी झाला तर तो दावा लावू शकत असे. मेला तर त्याच्याबरोबर दावाही मेला. म्हणजे जखमी करण्यापेक्षा ठार मारणं स्वस्त. आगगाड्यांचे अपघात वाढल्यावर १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेलने मृताच्या बायकामुलांना दाव्याचा हक्क देणारा कायदा आणला. त्याची प्रत आपल्याकडे १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याच्या रूपाने आली. तेव्हा बोर घाटाच्या कामाला अजून हातही लागला नव्हता. कायदा होता, पण तो मजुराच्या उपयोगाचा नव्हता. विधवेने दिवाणी कोर्टात जायचं, वकील द्यायचा, मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करायचा. वर १८३७ पासून इंग्रजी न्यायालयांनी एक तत्त्व रूढ केलं होतं की, बरोबरच्या कामगाराच्या चुकीमुळे अपघात झाला असेल तर मालक जबाबदार नाही. बांधकामावर दुसऱ्या कुणाची चूक असणार? वरच्या माणसाच्या हातून वीट सुटते, खालच्याच्या डोक्यात पडते. मालक आपला घरी जेवत असतो.

१९२३ चा कायदा मंजूर झाला तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बोलायला ना. म. जोशी होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. पुढे १९२९ साली कामगारांविषयीचं शाही कमिशन नेमलं गेलं, त्यावरही ते सभासद होते. आज आपण त्यांचं नाव लोअर परळच्या रस्त्यापुरतं घेतो. पण ट्रेड युनियन, कामाचे तास, भरपाई यांतला कुठलाही कायदा त्या काळातून उचलला तरी मागे हे गृहस्थ चिकाटीने उभे दिसतात.

या कायद्याला कोणता मजूर चालत होता, हेही पाहण्यासारखं आहे. बांधकामावरचा प्रत्येक माणूस त्यात येत नव्हता. इमारत एका मजल्याहून उंच असायला हवी किंवा छपराचं टोक जमिनीपासून ठरावीक उंचीवर तरी असायला हवं. बैठ्या घराची भिंत अंगावर पडून मेलेला गवंडी कायद्याबाहेर. ‘नैमित्तिक’ स्वरूपाचं काम करणाऱ्यालाही काही परिस्थितीत वगळलेलं होतं. हे वगळणं २००० सालच्या दुरुस्तीने गेलं. ठाण्यातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी आठला उभे राहा. तिथल्या कितीजणांना आपण नैमित्तिक नाही हे सिद्ध करता आलं असतं?

आता खुद्द सूत्राकडे येतो. हिशेब थोडा किचकट आहे, पण कागद-पेन्सिल लागणार नाही.

१९८४ च्या दुरुस्तीपासून कायद्याने तीस महिन्यांसारखे ठोक हिशेब आणि पगारवार कोष्टकं सोडली आणि फारच्या वाटेने जायचं ठरवलं. मृत कामगाराच्या मासिक पगाराचा ठरावीक हिस्सा घ्यायचा आणि वयाच्या गुणकाने गुणायचा. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हे गुणक आहेत. सोळा वर्षांच्या पोराचा २२८.५४. पंचविशीतल्याचा २१६.९१. चाळिशीचा १८४.१७, पन्नाशीचा १५३.०९ आणि पासष्टीच्या पुढे सगळ्यांना ९९.३७. पंचविशीतला माणूस साठीपर्यंत राबला तर ४२० महिने राबेल, त्याला २१६.९१ महिने का? कारण रक्कम आज एकदम मिळते, तिला व्याज येतं, आणि तो तेवढा जगलाच असता असंही नाही. हा विमा कंपन्यांच्या कारकुनीतला नेहमीचा हिशेब आहे, त्यात गैर काही नाही.

पगाराचा हिस्सा किती? १९८४ मध्ये चाळीस टक्के, १९९५ पासून पन्नास टक्के. इथे एक बारकावा आहे. कामगार मेला नाही, पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर पन्नासच्या जागी साठ टक्के. म्हणजे मेलेल्या माणसापेक्षा अंथरुणाला खिळलेल्याची रक्कम जास्त. कारण उघड आहे: मेलेला जेवत नाही. फारने वजा केलेलं खाणंपिणं ते हेच.

आणि आता खरी मेख. पगार म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा पगार नव्हे. कायद्याने त्याला वरून झाकण घातलेलं आहे. १९८४ मध्ये ते महिना एक हजाराचं होतं. तुम्हाला तीन हजार मिळत असले तरी हिशेबात एक हजारच. १९९५ मध्ये ते दोन हजार झालं, डिसेंबर २००० मध्ये चार हजार, ३१ मे २०१० पासून आठ हजार आणि ३ जानेवारी २०२० पासून पंधरा हजार. आता आपला पंचविशीतला मजूर या झाकणाखाली ठेवून पाहू. १९८४ मध्ये त्याचे जास्तीत जास्त ८६,७६४ रुपये होतात. १९९५ नंतर २,१६,९१०. २००० नंतर ४,३३,८२०. २०१० नंतर ८,६७,६४० आणि २०२० पासून १६,२६,८२५.

आकडे वाढत गेले, हे खरं. पण कसे वाढले ते पाहा. महागाई रोज वाढते, मजुरी दर वर्षी वाढते, झाकण मात्र दहा-दहा वर्षं हलत नाही. मग एके दिवशी एकदम उचललं जातं. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी उत्पन्न होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ पासून सांगितलेलं आहे. म्हणजे २ जानेवारी २०२० ला संध्याकाळी स्लॅबवरून पडलेल्या माणसाचे साडेआठ लाखांच्या वर थोडे. दुसऱ्या दिवशी, त्याच स्लॅबवरून, त्याच वयाचा माणूस पडला तर सोळा लाखांच्या वर. या एका रात्रीत त्या दोघांच्या घरच्या गरजेत कोणता फरक पडला होता?

याच माणसाला दुसऱ्या कायद्याच्या तराजूत घालून पाहण्यासारखं आहे. समजा तो पडला नाही, तर कामावर जाताना त्याला डंपरने उडवलं. मोटार अपघाताच्या दाव्यात झाकण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा यांच्या खटल्यात आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी यांच्या खटल्यात हिशेबाची रीत पक्की केली आहे. मजुरी महिना वीस हजार धरू. वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीपोटी चाळीस टक्के मिळवायचे: अठ्ठावीस हजार. वर्षाचे ३,३६,०००. घरात बायको आणि दोन मुलं असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा: २,२४,०००. पंचविशीचा गुणक अठरा. झाले ४०,३२,००० रुपये. आणखी अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या. तोच माणूस, तीच मजुरी, तीच बायकोमुलं. साइटच्या फाटकाबाहेर मेला तर चाळीस लाख, आत मेला तर सोळा. मोटारीच्या दाव्यात चालकाचा दोष दाखवावा लागतो आणि कामगार कायद्यात तो लागत नाही, हा फरक मान्य. पण त्याची किंमत चोवीस लाख व्हावी, हे मला कधी पटलेलं नाही.

कायद्याच्या कागदावर आणखी काही चांगल्या गोष्टी आहेत. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, मग मध्ये कितीही उपठेकेदार असोत. मजुराने हेल्मेट काढलं होतं, तो प्यायला होता, असा बचाव इतर वेळी चालतो. मृत्यू झाला असेल तर चालत नाही. रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातात टेकवायची नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची असते. महिनाभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. भरपाईतून कुठलंही देणं वळतं करून घेता येत नाही. ही शेवटची अट नीट कळायला मला एका मुकादमाची भेट व्हावी लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कामावर एक मजूर पडून गेला. विकासकाचं नाव घेण्यात अर्थ नाही. चार-सहा दिवसांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर तिथला मुकादम भेटला. माणूस बीडकडचा, वयाने माझ्याच बरोबरीचा. मी त्याला सूत्र, गुणक असं काही सांगायला लागलो. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, तुमचा हिशेब कोर्टातला हाय. आमचा हितंच होतो.” मग त्याने बोटं मोडत सांगितला. मयत गावी न्यायची गाडी. दहावा-तेरावा. त्याने दिवाळीला घेतलेली उचल, ती ठेकेदार सोडणार नाही, ‘सोडली’ असं म्हणून त्या रकमेतच धरणार. बायको त्याच्याच जोडीला घमेली उचलायची, आता जोड मोडली म्हणून तिचंही काम गेलं. साइटवरची पत्र्याची खोली आठवड्यात रिकामी करायची. पोरगं इथल्या शाळेत होतं, ते गावी. “आन् कागदावर अंगठा,” तो म्हणाला, “परत काय मागणार न्हाई म्हणून.”

त्या अंगठ्याला कायद्यात काडीची किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, आणि उचल त्यातून कापता येत नाही. पण हे त्या बाईला कोण सांगणार? आणि मुकादमाने सांगितलेल्या यादीतल्या निम्म्या बाबी कुठल्याच सूत्रात नाहीत. जोडीने काम करणाऱ्या बाईची मजुरी नवऱ्याबरोबर जाते, हा खर्च फारलाही सुचला नव्हता. चौथ्या परिशिष्टात तर एकट्या पुरुषाचं वय तेवढं विचारतात.

मालकाच्या बाजूचा हिशेबही करून पाहिला पाहिजे, नाहीतर आपण नुसते हळहळत बसू. एच. डब्ल्यू. हाइनरिक हा अमेरिकन विमा कंपनीतला माणूस. १९३१ च्या पुस्तकात त्याने म्हटलं की, अपघातात भरपाईवर एक रुपया गेला तर काम थांबणं, यंत्र मोडणं, नवा माणूस शिकवणं, चौकशा यांवर आणखी चार जातात. त्याचं ते एकास चार प्रमाण पुढे अनेकांनी खोडून काढलं, पण आडून होणारा खर्च मोजण्याची सवय त्याने लावली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कामावरचे अपघात आणि व्याधी यांच्यापायी जगाच्या उत्पन्नातला सुमारे चार टक्के वाटा बुडतो असं सांगते. हे आकडे मालकाला घाबरवायला बरे असतात. घाबरतो का पण? एक मनोरा धरा, दोन लाख चौरस फुटांचा. त्याच्या कामात एक पंचविशीतला मजूर मेला आणि भरपाई अगदी कायद्याप्रमाणे, पूर्ण दिली, तर १६,२६,८२५ भागिले दोन लाख: चौरस फुटाला आठ रुपये तेरा पैसे. घर घेणाऱ्याने दहा हजारांच्या पुढचा दर मोजलेला असतो. त्यात हे आठ रुपये दिसतसुद्धा नाहीत. आणि विमा उतरवलेला असेल तर तेही मालकाच्या खिशातून जात नाहीत. जाळी, कडेचे कठडे, सेफ्टी बेल्ट अडकवायची तार, लिफ्टची तपासणी यांचा खर्च मात्र रोजचा आणि नक्की असतो. मरण स्वस्त असेल तर सुरक्षितता महाग वाटणारच. भरपाईची रक्कम फक्त विधवेसाठी नसते, ती वरच्या मजल्यावर जाळी बांधली जाईल की नाही, हेही ठरवत असते.

१९९६ मध्ये संसदेने बांधकाम मजुरांसाठी दोन कायदे केले, एक सुरक्षिततेचा आणि एक उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो मजुरांच्या कल्याणावर लावायचा. शंभर कोटींच्या कामाचे एक कोटी. महाराष्ट्राने नियम करायला २००७ उजाडवलं. नोंदणी झालेला मजूर कामावर मेला तर आपल्या राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून वारसांना पाच लाख मिळण्याची योजना आहे. नोंदणीसाठी मागल्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. देशभर या उपकराचे ३७,४०० कोटींहून जास्त रुपये जमले आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी, हे मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं आहे.

त्या उपकराच्या १९९८ च्या नियमांत एक वाक्य आहे. बांधकामाचा खर्च म्हणजे काय? मालकाने केलेला सगळा खर्च, दोन गोष्टी सोडून: जमिनीची किंमत, आणि कामगाराला किंवा त्याच्या वारसांना द्यावी लागलेली भरपाई. हेतू सरळ आहे, भरपाईवर पुन्हा उपकर पडू नये. पण ते वाक्य मी वाचलं तेव्हा पानावरून नजर उचलली गेली नाही. सिमेंट खर्चात, सळई खर्चात, वाळू खर्चात, माणूस नाही.

आणि ज्या इमारतीला परवानगीच नाही तिचं काय? उपकर बहुधा नकाशे मंजूर होताना भरून घेतला जातो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथेच राहत होती. मंजुरी नसलेल्या बांधकामाचा उपकर कोण भरणार, आणि तिथे नव्वद दिवस राबल्याचा दाखला कोण देणार? १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे, आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं यंत्र कोसळून २० जण मेले. राज्य सरकारने पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट खाली आली, ७ मजूर गेले. छतावर पाणी गळू नये म्हणून लेप देण्याचं काम करून ते उतरत होते. अशा वेळी जाहीर होणारी मदत आणि कायद्याची भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच लाखांचा धनादेश मिळाला म्हणजे सोळा लाखांचा हक्क फिटला, असं होत नाही. वर्तमानपत्रात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळे कायदे चार कामगार संहितांमध्ये विलीन झाले. १९२३ चा कायदा एकशे दोन वर्षांनी संपला. त्याचं सूत्र मात्र, पन्नास टक्के आणि वयाचा गुणक, सामाजिक सुरक्षा संहितेत जसंच्या तसं आलं. पगाराचं झाकण ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडेच राहिला. सुरक्षिततेच्या संहितेत एक नवी गोष्ट आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड, आणि त्या दंडातली निदान अर्धी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. अडीच लाख तरी. चौरस फुटाला सव्वा रुपया.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. दावा लावायला दोन वर्षांची मुदत असते, आणि दोन कागदांवर सगळं अडतं: मजुरी किती होती आणि वय किती होतं. नाक्यावरच्या माणसाकडे पगाराची पावती नसते. पण हजेरीच्या वहीचा फोटो, ठेकेदाराने मोबाइलवर पाठवलेले पैसे, सोबत्यांचा जबाब यांचाही उपयोग होतो. वयाचं अवघड आहे. आपल्याकडे कितीतरी मजुरांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण कुणीतरी अंदाजाने साल लिहिलेलं असतं. पंचवीसच्या जागी तीस लागले तर गुणक २१६.९१ वरून २०७.९८ वर येतो. पंधरा हजारांच्या निम्म्याने गुणलं की फरक पडतो ६६,९७५ रुपयांचा. तुमच्या घरी रंगकाम, प्लंबिंग, तोडफोड करायला येणाऱ्या माणसाच्या गावच्या शाळेत त्याचा दाखला असेल, तर तो आजच काढून ठेवायला सांगा.